शमालला गेलेली शेवटची पानं

आमच्या नातीला शाळेतून एक काम दिलं होतं. व्हिक्टोरियन काळात, म्हणजे इंग्लंडात ती जुनी राणी गादीवर होती तेव्हा, लोक रिकामा वेळ कसा घालवायचे ते चित्रं चिकटवून, लिहून न्यायचं. मुलाचं घर दोह्यात, अबू हमूरला आहे, व्हिलांच्या रांगेतला एक व्हिला, गाडी काढल्याशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही अशी जागा. मी हिवाळ्यात इथे येते आणि गुडघे धरून बसते. ती शेजारी बसून चित्रं कापत होती, मी बघत होते. बायका भरतकाम करतायत. कुणी पियानो वाजवतंय. समुद्रावर छत्र्या घेऊन माणसं नुसतीच फिरतायत. झाडाखाली चादर अंथरून मोठं कुटुंब खायला बसलंय, पुढे टोपल्याच टोपल्या.

मी विचारलं, "हे सगळं रांधलं कुणी गं?"

"आजी, इट्स अ पिकनिक."

"ते कळलं. पण रांधलं कुणी?"

तिने चित्र मागून-पुढून पाहिलं. "इट डझन्ट से," म्हणाली.

मग तिने मला सांगितलं की तेव्हा कादंबऱ्या तुकड्या-तुकड्यांनी छापून यायच्या. घरातलं एक जण मोठ्याने वाचायचं, बाकीचे ऐकायचे, आणि पुढचा तुकडा येईपर्यंत सगळे ताटकळत राहायचे. मी म्हटलं, आमचीही एक कादंबरी अशीच तुकड्यांत गेली होती, याच देशात. फक्त तुकडे करणारा वेल्डर होता. ती "रिअली?" म्हणाली आणि कात्री चालवत राहिली. तिला दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, तिच्याकडे वेळ नव्हता. म्हणून मी इथे लिहिते. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे.

आम्ही दोह्याला आलो ते आणीबाणी उठल्यानंतर थोड्या दिवसांनी. हे माझ्याआधी आले होते, गॅरेजात मेकॅनिक म्हणून. फोरमन झाले तसं कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या अरब मालकाने, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या दिल्या आणि बायको-मुलाला आण म्हणाला. हे त्या काळी मोठं भाग्य. आमच्या ओळखीतल्या मराठी माणसांत बायको सोबत असलेला कामगार म्हणजे हेच एक. बाकी सगळी एकटी. ड्रायव्हर, वेल्डर, सुतार, प्लंबर. राहायला कॅम्पात, पत्र्याच्या खोल्यांतून, खाटेला खाट लावून.

सुट्टीचा वार शुक्रवार. बाकीचे दिवस ही माणसं उजाडायच्या आत गाडीत बसायची आणि अंधार पडल्यावर उतरायची. शुक्रवारी उशिरा उठायचं, कपडे धुवायचे, दाढी करायची, आणि त्यानंतर काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं. काही जण सूकमध्ये, म्हणजे बाजारात, जाऊन न घ्यायच्या वस्तू बघून यायचे. घड्याळं, रेडिओ, ब्लँकेटं. काही हिंदी सिनेमाला. काही समुद्राच्या कठड्यावर ओळीने बसायचे, पाठ पाण्याकडे आणि तोंड रस्त्याकडे, कारण रस्त्यावर गाड्या तरी जायच्या. आणि ज्यांना आमचा पत्ता माहीत होता ते आमच्याकडे जेवायला यायचे.

हे कसं सुरू झालं ते सांगता येत नाही. कुणीतरी एकदा भाकरी खाऊन गेला, पुढच्या शुक्रवारी दोघांना घेऊन आला. बघता बघता ते ठरूनच गेलं. शुक्रवार म्हणजे फोरमनच्या घरी. ते रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. कुणी कांदे, कुणी तेलाचा डबा, सुट्टीवरून आलेला असेल तर ज्वारीचं पीठ. पण पीठ आणलं म्हणजे भाकरी होत नाही. ती थापावी लागते. मी पहाटे उठायचे, दुपारी उशिरापर्यंत स्टोपुढे असायचे, मग बाहेरच्या नळावर भांडी. आत ते पत्ते खेळायचे, मेंढीकोट, नाहीतर टेपरेकॉर्डरवर घरी पाठवायच्या कॅसेटी भरायचे. एकेकाने कोपऱ्यात जाऊन, टेपच्या अगदी तोंडाशी बसून बोलायचं. "इकडे सगळं ठीक आहे. आज वहिनींकडे जेवलो. वांगं होतं." माझ्या वांग्याची वार्ता किती गावांत गेली असेल, देव जाणे.

मला त्यांचा राग नव्हता, हे नीट सांगते. रागावलेल्या माणसाला बोलता तरी येतं. मी नुसती दमलेली होते. हे कधी कधी म्हणायचे, "तू सांग फक्त, मी त्यांना नको म्हणतो." मी सांगणार नाही हे त्यांना माहीत होतं. आणि भुकेल्या माणसाला, त्यातून आपल्या भाषेत जेवण मागणाऱ्या माणसाला, नाही कसं म्हणायचं ते मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

येणाऱ्यांत तिघं पक्के. एक आमच्याच गॅरेजातला वेल्डर, बीडकडचा. त्याने गावी देवळात पोथ्या वाचलेल्या, त्यामुळे तो काहीही त्याच चालीत वाचायचा. साबणाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा. दुसरे रत्नागिरीचे सुतार. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते जुम्म्याची नमाज पढून यायचे, हातात मासळी बाजारातला हमूर, साफ करून आणलेला. "भाबी, खवले काढून आणलेत, तुम्हाला ताप नको," असं दर वेळी म्हणायचे, जसं काही मासा पुढचं सगळं स्वतःचं स्वतः करून घेणार होता. आणि तिसरा टँकरवाला. आमच्या कराडकडचाच, मला आक्का म्हणायचा. त्याचं काम पार उत्तरेला, मदिनत अश शमालला, तिथल्या घरांना टँकरने पाणी पोचवायचं. इतक्या लांबून कुणाच्या तरी गाडीत बसून तो माझ्या हातचं खायला यायचा, म्हणून त्याला दोन भाकऱ्या जास्त.

आता अंकाचं सांगते.

दोह्यात मराठी बायका थोड्या होत्या, पण होत्या. एका कंपनीतल्या अकाउंटंटची बायको दरसाल कुणाकडून तरी एक जाडजूड दिवाळी अंक मागवायची. तो एक अंक सगळ्या घरांतून फिरायचा. एकेका घरी दोन शुक्रवार. दुसऱ्या शुक्रवारी मगरिबची, म्हणजे दिवस मावळल्याची, बांग झाली की पुढच्या घरी पोचवायचा. हा नियम. कुणी उशीर केला किंवा आमटी सांडली, तर पुढच्या वर्षी तिचं घर गाळलं जायचं, आणि गाळलंय असं कुणी तोंडाने सांगायचं नाही. अंक मागवणाऱ्या बाई लिफ्टवाल्या इमारतीत राहायच्या, त्यांच्याशी वाद कोण घालणार. विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने कव्हरवरच्या बाईच्या उघड्या दंडांवर आणि गळ्यावर जाड काळं पेन फिरवलेलं असायचं. तिला गळ्यापर्यंत काळा ब्लाउज घातल्यासारखा दिसायचा आणि शोभायचासुद्धा.

माझी पाळी शेवटून दुसरी. दिवाळीचा अंक माझ्या हाती यायचा तोवर इकडे थंडी सरत आलेली असायची. माझ्यानंतर इस्पितळातल्या एक नर्सबाई, त्या शेवटच्या.

मी चौथी शिकलेली. पुढचं जे काही आलं ते वाचून वाचून, आणि तेव्हा ते अजून यायचंच होतं. ओळीखाली बोट धरून वाचायचे. जोडाक्षर आलं की थांबायचं, पुन्हा मागे जायचं. बाकीच्या बायका दोन दिवसांत अंक संपवायच्या. मला दुसऱ्या शुक्रवारपर्यंतचे सगळे दिवस पुरायचे नाहीत. दरसाल मी काहीतरी अर्धं टाकूनच तो पुढे द्यायचे.

त्या वर्षीच्या अंकात एक अख्खी कादंबरी होती. त्यात एक बाई असते. भर दुपारी घरातले सगळे जेवून आडवे झालेत, आणि ती खरकटी भांडी तशीच ठेवते, हात पुसते, चपला घालते आणि निघते. भांडण नाही, मारझोड नाही, काही नाही. एसटीत बसते. भलत्याच गावात उतरते आणि एका शिंपिणीकडे खोली घेऊन राहते, काजं-बटणं करून देते. आता ती परत जाते की नाही, एवढीच काय ती गोष्ट.

मी ते बोट धरून दोनदा वाचलं. खरकटी भांडी ठेवून निघालेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. ऐकलीसुद्धा नव्हती. मी ठरवलं की या वर्षी काहीही होवो, ही कादंबरी मी शेवटपर्यंत वाचणार. स्वतः वाचणार. दूध तापेपर्यंत, भात शिजेपर्यंत, मुलगा झोपला की, जमेल तसं वाचत मी पहिल्या शुक्रवारपर्यंत निम्म्यावर आले आणि पानात आगपेटीची काडी घालून ठेवली.

त्या शुक्रवारी अंक वेल्डरच्या हाती लागला.

"वहिनी, हे कुठलं? वाचू का?"

मी पीठ मळत होते. म्हटलं, वाच. त्याने सुरुवातीपासून धरलं, पोथीच्या चालीत. बाई चपला घालते तिथे तर असा सूर लावला की वाटावं, आता आरतीच होणार. पण पत्ते खाली पडले. पसरलेली माणसं उठून बसली. जेवतानाही त्याला वाचायला लावलं, त्याचं ताट गार झालं.

टँकरवाला म्हणाला, "जाईल की परत. कुटं जातीय? चार दिवस हवा खाईल आन् जाईल."

चाचा म्हणाले, "तू किती वर्षं खातोस इथली हवा? तू गेलास?"

"माजं येगळं. मी कमवाय आलोय."

"ती काजं करते ती काय फुकट?"

"चाचा, बाईमाणसाचं आन् आपलं एक हाय व्हय?"

"नाय," चाचा म्हणाले. "आपल्याला शुक्रवार असतो."

सगळे हसले. मी आतून ऐकलं. मी हसले नाही, भाकरी जळत होती.

टँकरवाल्याने पैज लावली की बाई परत जाते. वेल्डर म्हणाला, जात नाही. वाचता वाचता ते माझ्या काडीपर्यंत आले आणि पुढे जाणार तेवढ्यात कॅम्पात नेणाऱ्या गाडीने हॉर्न दिला. मी तेव्हा मागे नळावर होते. आत काहीतरी चर्चा झाली, खुडबुड झाली. मी भांड्यांची पाटी घेऊन आत आले तर सतरंजीवर अंकाचं नुसतं कव्हर पडलेलं, काळ्या ब्लाउजातली ती बाई, आणि शेजारी पक्कड.

"वहिनी, काळजी करू नका," वेल्डर म्हणाला. चांगलं काम केल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. "एक पान फाटलं न्हाई. पक्कडीनं पिना सोडवल्या. ज्याला त्याला वाटून दिलंय. आठवडाभर वाचतेत, कॅम्पात बाकीच्यायला ऐकवतेत. पुढच्या शुक्रवारी सगळे भाग आणून देतेत, म्या परत पिना मारून देतो. कारखान्यातल्यापेक्षा पक्क्या."

"आणि मला?"

"तुमचं तर वाचून झालं असंल ना?" त्याने अगदी सरळ विचारलं. "आठ दिवस अंक तुमच्यापाशी. दिवसभर घरीच असता."

मी हातातली पाटी खाली ठेवली. माझ्या खोलीत माझ्यासमोर उभं राहून तो हे बोलत होता, आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सुरुवात त्याच्याकडे होती. माझ्या काडीनंतरचा भाग चाचा घेऊन गेले. आणि शेवट टँकरवाल्याने नेला, पैज लावली होती म्हणून. शमालला.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "येतील की शुक्रवारी. कुठे पळून जातायत?" हे खरंच होतं. इथून कुणालाच कुठे पळून जाता येत नव्हतं.

चाचांना मात्र काहीतरी उमगलं असावं. आठवडा अर्धा झाला नव्हता तोच त्यांच्या दुकानातल्या गाडीवाल्याने वर्तमानपत्रात बांधलेली पानं आणून दिली. निरोप होता, भाबींना आधी वाचू द्या, आमचं काय, आमचं सावकाश चालतं. मी ती पानं रोज थोडी थोडी वाचून काढली. बाईला शिंपिणीकडे बरं वाटायला लागतं. ती हसते, एकदा गाणंही म्हणते. आणि मग एके दिवशी नवरा दारात येऊन उभा राहतो. ती मशीन थांबवते. तो म्हणतो, "मी तुला न्यायला आलेलो नाही. मी एवढंच विचारायला आलोय की" आणि पान संपलं.

पुढचं शमालला.

गुरुवारी गॅरेजात फोन आला. टँकरवाला बोलत होता. तिकडचा पंप बिघडला होता, शुक्रवारीही सकाळ-संध्याकाळ फेऱ्या माराव्या लागणार, मधल्या वेळात दोह्याला येऊन जाणं जमणार नाही. पानं पुढच्या खेपेला आणतो, आक्काला सांगा.

पुढच्या खेपेपर्यंत अंक नर्सबाईंकडे गेलेला असणार होता, तोही अर्धा.

ह्यांनी हे मला जेवताना सांगितलं. मी म्हटलं, "आपण जाऊ."

"शमालला? पानांसाठी?"

"पानांसाठी."

"मी जाऊन आणतो की."

"मी येणार. तिथे बसून वाचीन. येताना नर्सबाईंकडे देऊ."

हे भात कालवायला लागले. मग म्हणाले, "आणि जेवणाचं?"

मी म्हटलं, "ते तुम्ही बघा." आमच्या संसारात हे वाक्य तोवर मी उच्चारलेलं नव्हतं. ह्यांनी कालवलेला घास तसाच हातात धरला आणि मग खाल्ला.

बाकीच्यांना निरोप गेला. वेल्डर आणि चाचा मात्र पिकअपच्या मागे चढून बसले, सोबत तांदळाची पिशवी, कांदे, आणि चाचांचा हमूर बर्फाच्या डब्यात. चाचा म्हणाले, आजच्यापुरती जुम्म्याची नमाज शमालच्या मशिदीत. आम्ही पुढे, मुलगा मध्ये. नातीचा बाप तो. अंकाचे आधीचे भाग माझ्या मांडीवर, कव्हरात घालून.

रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना तांबूस-करडी सपाट जमीन, कुठे काटेरी झुडूप, कुठे उंट. दोह्यात इतकी वर्षं काढून मी शहराबाहेर कधी पडले नव्हते. मला वाटलं होतं, पाहून काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. नुसतं बसून राहायचंय, उठायचं नाही, हेच इतकं अनोळखी होतं की मी पदर हातात धरून बसले होते, कुणी हाक मारली की उठायला सोपं.

टँकरवाला कॅम्पाच्या फाटकात उभा होता. पानं त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवली होती, सुरकुती पडू नये म्हणून. ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"आक्का, आख्ख्या कॅम्पानं ऐकली. शेवट म्हंजे सांगतो तुमास्नी—"

"एक शब्द काढायचा नाही," मी म्हटलं.

"बरं."

"तुझ्या आईची शपथ."

"घेतली की. पर वेल्डर पैज—"

"पैजेचंही काढायचं नाही. मी वाचून होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही."

त्याने तोंडावर हात ठेवला. वेल्डर बिचारा त्याच्या डोळ्यांत बघून काही कळतंय का ते शोधत होता.

त्यांनी माझ्यासाठी लोखंडी खाट बाहेर काढली, टँकरच्या सावलीत. समोर समुद्र. तिकडचा समुद्र उथळ, लाटा नाहीत, ताटात पाणी ओतून ठेवल्यासारखा. वारा गार होता. टँकरच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. मागे ते चौघं कांदे चिरत होते आणि भात किती घ्यायचा यावरून भांडत होते. मुलगा वाळूत खेळत होता. ह्यांनी विचारलं, "काही हवंय?" मी म्हटलं, "नको."

मी पानं मांडीवर घेतली. पहिली ओळ, बोट धरून: नवऱ्याने दाराची चौकट धरली. दुसरी ओळ वाचायला बोट खाली आणलं, तर तिसरीवर गेलं. पुन्हा वर आणलं. भाताला पाणी जास्त झालं म्हणून चाचा कुणाला तरी बोलत होते, ते ऐकू येत होतं. मनात आलं, उठून बघावं. मग मनात आलं, नको.

मला जाग आली तेव्हा सावली भलतीकडेच होती. आणि मीही. खाट टँकरच्या दुसऱ्या अंगाला आली होती. मी उठून बसले, पदर सावरला. माझी पानं विटेखाली नीट दाबून ठेवलेली होती.

"खाट कुणी हलवली?" मी विचारलं.

हे म्हणाले, "ऊन आलं होतं तुझ्यावर. चौघांनी उचलून ठेवली."

"माझ्यासकट?"

"दोनदा," वेल्डर म्हणाला. "आधी जरा कमी सरकवली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या पुरुषांनी खाटेसकट उचललं आणि मला पत्ता नाही. चाचा म्हणाले, "भाबी, लाजू नका. आमच्यातला एक जण पण शिंकला नाय." आणि झाकून ठेवलेलं ताट त्यांनी पुढे केलं. भात गार होता, माशात मीठ जास्त झालं होतं. माझ्यासाठी कुणी ताट झाकून ठेवलंय असं त्या देशात पहिल्यांदाच घडत होतं. मी दोनदा भात घेतला.

जेवेपर्यंत टँकरवाल्याची संध्याकाळची फेरी आली, ह्यांनी गाडी वळवली. मगरिबच्या आत दोहा गाठायचं होतं. मी गाडीत पानं काढली. गाडी हलायची, अक्षरं हलायची, मुलगा मांडीवर झोपलेला, आणि उजेड भराभर कमी होत होता. चौकट, नवरा, एवढं दिसलं. मग मळमळायला लागलं आणि मी ती बाकीच्या पानांत घालून ठेवली.

वेल्डरने गॅरेजात उतरून दोन मिनिटांत पिना मारल्या. खरंच आधीपेक्षा पक्क्या. नर्सबाईंच्या क्वार्टरखाली पोचलो तेव्हा बांग नुकतीच संपत होती. त्या ड्यूटीवरून आलेल्या, पायांत अजून पांढरे बूट. अंक हातात घेऊन म्हणाल्या, "सगळं वाचून झालं का हो?"

मी म्हटलं, "झालं."

आता कुणी म्हणेल, नर्सबाईंना विचारायचं नंतर. टँकरवाल्याला विचारायचं. विचारता आलं असतं. तो पुढच्याच शुक्रवारी येऊन दारात उभा राहिला होता, "वाचलं का?" असं चेहऱ्यावर घेऊन. मी म्हटलं, नाही वाचलं, आणि तू सांगायचं नाहीस. वेल्डरलाही त्याने पैजेचा निकाल कानात सांगितला. वेल्डरने त्याला सेंटची एक बाटली आणून दिली, त्यावरून मी समजायचं ते समजले, की बाई परत जाते. पण कशी जाते, का जाते, नवरा दारात काय विचारतो, हे कुणी बोललं नाही. आधी तो माझा हट्ट होता. मग सवय झाली. भाकऱ्या थापताना मी त्या नवऱ्याला दारात उभा करायचे आणि वेगवेगळं बोलायला लावायचे. कधी तो माफी मागायचा. कधी म्हणायचा, मीही इथेच राहतो. कधी तिला एक शुक्रवार द्यायचा. शुक्रवारी दोह्यात माझा रिकामा वेळ होता तो एवढाच, आणि त्यातही हात पिठात होते. नातीला चिकटवायला याचं चित्र कुठून मिळणार.

शुक्रवार चालूच राहिले. पुढे कॅम्पात व्हिडिओ आले, काही जण तिकडे वळले. मग तेलाचे भाव पडले, कामं कमी झाली, माणसं परत जायला लागली. चाचा गेले. वेल्डर दुसऱ्या देशात गेला. टँकरवाला जाण्याआधी शेवटच्या शुक्रवारी आला, एकटाच. तो नेहमी बाहेर सतरंजीवर बसायचा, त्या दिवशी स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला.

"आक्का," म्हणाला, "शपथ सोडवा आता. मी ही वझं घिऊन गावाला कसा जाऊ?"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "सांग."

"नवरा दारात उभा ऱ्हातोय."

"ते ठाऊक आहे. काय विचारतो?"

त्याने मान खाली घातली. "कुकरची शिट्टी कुटं ठिवलीय म्हणून इचारतोय."

मी थापायची थांबले. "मग?"

"ती सांगती. फडताळात, वरच्या फळीवर, डब्याच्या मागं. तो बरं म्हणून जातोय. मग थोड्या दिसांनी ती बी जाती, आपली आपणच. घरात समदी जेवाय बसल्याली असत्यात, हाटेलातनं डबा आणून. कुणी इचारत न्हाई कुटं हुतीस. ती बी ताट घिऊन बसती. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. पैज जिंकलो तरी कसंतरीच वाटलं बघा. तवाच सांगून टाकत हुतो, तर तुमी शपथ घातली."

मी तव्याकडे बघत होते. एवढी वर्षं मी त्या माणसाला दारात उभं केलं होतं, काय काय बोलायला लावलं होतं. आणि त्या दिवशी शमालला जागी राहिले असते, तर खाटेवर बसून, बोट धरून, जोडाक्षरं सोडवत सोडवत कुकरच्या शिट्टीपर्यंत पोचले असते, आणि मग उठून भाताचं बघायला गेले असते.

"बरं झालं मी झोपले," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी थट्टा करते. तो हसला. मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि वाटेत खायला त्याला किती लागतील ते विचारलं.